सरख चालतं, सुरेखा चालत नाही

गुजरातेतल्या पलसाण्यात कापडाच्या एका प्रोसेस हाउसमध्ये मी गेली १९ वर्षं कॉम्प्युटर सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात दुपारच्या सुट्टीत फोल्डिंग खात्यातल्या एक मावशी माझ्या टेबलाशी आल्या. हातात आधारकार्डाची झेरॉक्स, पदरात बांधलेला मोबाइल. त्यांचं खरं नाव छापत नाही, सुरेखा म्हणू. माहेर अमळनेरकडचं. कामगारांसाठीच्या एका विम्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. पानाच्या वरच्या कोपऱ्यात भाषा निवडायची सोय होती आणि त्या यादीत मराठी होती. मावशींना ते बघून बरं वाटलं, मलाही वाटलं. मी मराठी निवडली, नावाच्या चौकटीत ‘सुरेखा’ टाइप केलं, आणि खाली लाल अक्षरांत ओळ उमटली : कृपया योग्य नाव टाका.

पुन्हा टाइप केलं. तेच. आधारवर छापलंय तसंच, एकेक अक्षर बघून टाइप केलं. तेच. मावशी वाकून स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘मन्हं नाव चुकीनं शे का, भाऊ?’

मग मी एकेक खूण पुसायला लागलो. शेवटचा काना पुसला, ‘सुरेख’ राहिलं. लाल ओळ तशीच. मात्रा पुसली, ‘सुरख’. तशीच. उकार पुसला, ‘सरख’ उरलं, आणि लाल ओळ गेली. चौकटीच्या कडेला हिरवी खूण आली. त्या अर्जाच्या लेखी ‘सरख’ हे योग्य नाव होतं.

आत काय लिहिलं असणार ते मला तेव्हाच कळलं. रोज तेच काम करतो मी. नावाच्या चौकटीमागे कोणीतरी [अ-ह] असा नियम बसवला होता. अ पासून ह पर्यंतचं कोणतंही अक्षर चालेल, बाकी काही नको. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, मराठीची सगळी अक्षरं यात आली. अक्षरं जवळजवळ सगळी आली, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांतलं काहीच आलं नाही. युनिकोडच्या, म्हणजे यंत्रातल्या सगळ्या लिपींच्या चिन्हांच्या क्रमवार यादीत अनुस्वार ‘अ’च्या आधी बसलाय आणि काना-मात्रा ‘ह’च्या नंतर. म्हणजे रतन, मदन, कमल ही नावं असणाऱ्यांना विमा मिळेल. सुनीता, भिकन, पोपट, रवींद्र यांना नाही.

या नियमांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. आमच्या ऑफिसात सगळे नुसतं ‘पॅटर्न’ म्हणतात. मजकुराच्या ढिगातून हवं ते जुळवून काढायचा हा नियम मोजक्या चिन्हांत लिहायचा असतो. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. चांदणी म्हणजे तिच्या आधीचं शून्य वेळा किंवा कितीही वेळा. अधिक म्हणजे निदान एकदा. प्रश्नचिन्ह म्हणजे असेल-नसेल. उभी रेघ म्हणजे किंवा. टोपी सुरुवात दाखवते आणि डॉलर शेवट. चौकोनी कंसात जे लिहाल त्यातलं कोणतंही एक. उलटी तिरकी रेघ पुढच्या चिन्हाचं खास काम काढून घेते, किंवा साध्या अक्षराला खास काम लावते. नव्या मुलांना मी हे याच शब्दांत सांगतो आणि दोन दिवसांत पोरं कामाला लागतात.

गिरणीतलंच उदाहरण घ्या. १०२.५ मीटरचा ताका यादीत शोधायचा म्हणून कोणी तसंच ‘१०२.५’ लिहिलं, तर १०२७५ हा लॉट नंबरही सापडतो, कारण मधल्या टिंबाच्या जागी ७ बसतो. टिंबाला टिंबच समज, असं सांगायचं तर १०२\.५ लिहावं लागतं. एका नव्या मुलाकडून ती रेघ राहिली आणि पार्टीच्या चलानात भलत्याच लॉटची ओळ गेली. माल भरून निघालेला टेंपो कडोदरा चोकडीवरून परत बोलवावा लागला. एवढ्याशा चिन्हात एवढी ताकद असते, म्हणून ते कोणत्या हातात आहे आणि त्या हाताला समोरची भाषा किती ठाऊक आहे, याची मला काळजी वाटते.

या चिन्हांचा जन्म इंग्रजीच्या घरातला. १९५१ साली स्टीफन क्लेनी हे अमेरिकी गणिती मज्जापेशींच्या जाळ्यांचं गणित मांडत होते. त्यातून ‘कितीही वेळा’ सांगणारी चांदणी आली, तिला आजही क्लेनीची चांदणी म्हणतात. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी हे गणित मजकूर शोधायच्या कामाला जुंपलं आणि त्यावर लेख लिहिला. पुढे युनिक्समध्ये ग्रेप ही आज्ञा आली, ती मी अजून दिवसातून पन्नासदा वापरतो. या माणसांचं ऋण मी मानतो. पण त्यांच्या पुढ्यात इंग्रजी मजकूर होता. इंग्रजीत अक्षर म्हणजे अक्षर, त्याच्या डोक्यावर किंवा पायाशी दुसरं काही बसत नाही.

आपलं तसं नाही. आपण बाराखडी शिकलो. शाळेत ‘का’ हे एक अक्षर होतं, ‘कि’ एक, ‘कं’ एक. गुरुजींनी कधी ‘क’ आणि काना असं सुटं करून म्हणायला लावलं नाही. यंत्राच्या यादीत मात्र ‘क’ची जागा वेगळी, कान्याची वेगळी, आणि दोघांची जातही वेगळी. ‘क’ची जात अक्षर, कान्याची जात खूण. नियम लिहिताना ‘अक्षर’ एवढंच म्हटलं की खुणा बाहेर राहतात.

हे फक्त एका अर्जाचं नाही. उलट्या रेघेपुढे डब्ल्यू लिहिला की त्याचा अर्थ ‘शब्दातलं अक्षर’ असा होतो, जगभर रोज वापरलं जाणारं हे चिन्ह आहे. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत, त्यात ६३ चिन्हं बसतात : इंग्रजीची मोठी २६ अक्षरं, छोटी २६, दहा आकडे आणि एक खालची रेघ. देवनागरीचं एकही नाही. पायथॉन त्यापेक्षा उदार आहे, तो सगळ्या लिपींची अक्षरं घेतो. म्हणून मी पायथॉनला ‘मराठी’ या शब्दातले शब्द शोधून दे असं सांगितलं. त्याने दोन शब्द दिले, ‘मर’ आणि ‘ठ’. काना आणि वेलांटी त्याला शब्दाच्या बाहेरच्या वाटल्या, आणि तिथे त्याने आपल्या भाषेचं नाव कापलं. गंमत नाही ही. याच रीतीने बातम्यांचे, पुस्तकांचे, न्यायालयीन निकालांचे शब्द मोजले गेले तर मोजणी कशाची होईल? शोधयंत्र ‘ठ’ची नोंद करत बसेल. आणि तोच पायथॉन आकडे ओळखायच्या चिन्हात आपले १, २, ३ बिनतक्रार घेतो. आकड्यांना वेलांटी नसते.

खरं तर दुरुस्ती लिहून ठेवलेली आहे. युनिकोडचं तांत्रिक मानक क्रमांक १८ याच विषयावर आहे. शब्दातलं अक्षर म्हणजे काय, हे त्यात स्पष्ट सांगितलंय : अक्षरं, अक्षरांना लागणाऱ्या खुणा, आकडे, खालच्या रेघेसारखी जोडचिन्हं आणि अक्षरं जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं. पायथॉनसाठी वेगळं मिळणारं रेजेक्स नावाचं मोड्यूल ‘मराठी’ अखंड ठेवतं. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ च्या मानकापासून ‘कोणत्याही लिपीचं अक्षर’ आणि ‘कोणत्याही लिपीची खूण’ असं सरळ लिहिता येतं. अक्षरासाठी एल, खुणेसाठी एम. सुरेखामावशींचा अर्ज अडला होता तो या एका ‘एम’साठी.

अदृश्य चिन्हांचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे मराठीचं दुखणं शेजारच्या हिंदीपेक्षाही वेगळं आहे. दर्या आणि दऱ्या, आचार्यास आणि आचाऱ्यास, हा फरक आपण कानाने जपलाय. हिंदीला हा ‘ऱ्य’ लागत नाही. आणि तोच अर्धा ‘ऱ’ असलेलं ‘बऱ्हाटे’ हे आडनाव खानदेशात भुसावळ-यावलकडे घरोघरी सापडतं. दोन वर्षांपूर्वी पगाराच्या यादीत मी हे आडनाव शोधलं. तीन माणसं असायला हवी होती, एक सापडला. बाकीचे दोघे डोळ्यांना यादीत दिसत होते, अगदी तसंच, ‘बऱ्हाटे’. मी एकेका नावाचे क्रमांक उघडून बघितले. पहिल्यात ऱ हे अखंड अक्षर होतं आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक जोडणारं चिन्ह, ज्याला रुंदी नाही, रूप नाही, जे छापलं तरी कागदावर काहीच उमटत नाही. तीन वेगवेगळ्या कीबोर्डांवर तिघांची नावं भरली गेली होती. माणूस वाचतो तेव्हा तीनही सारखी. पॅटर्नला तीन परकी माणसं. त्या दोघांचा ओव्हरटाइम तेवढ्यासाठी एक महिना उशिरा लागला. मी स्वतः दोघांच्या खात्यात जाऊन सांगितलं की ही चूक यादीची होती, तुमची नाही.

यावर उपाय करता येतो. शोधण्याआधी सगळा मजकूर एका साच्यात आणायचा, म्हणजे नुक्त्याचा र आणि अखंड ऱ एकच होतात. अदृश्य चिन्हाचा प्रकार वेगळा हाताळावा लागतो, ते काम या साच्याने होत नाही. तेव्हापासून आमच्या यादीत मी तिन्ही रूपं उभ्या रेघेने जोडून शोधतो.

आडनावं शोधताना आणखी एक दृश्य रोज दिसतं. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ दोन्ही सापडावेत म्हणून मी लिहितो : पाट[िी]ल. कंसातल्या त्या वेलांट्यांकडे नीट बघा. ऱ्हस्व वेलांटीला टेकायला अक्षरच नाही. कॉम्प्युटर तिथे ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ काढतो आणि वेलांटी त्याला चिकटवतो, किंवा ती कंसावरच चढून बसते. पॅटर्न बरोबर असतो, चालतोही, पण वाचणाऱ्या मराठी माणसाला तो मोडका दिसतो. आमच्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी दाखवतो, म्हणजे ते बिचकत नाहीत. सूर्यवंशी-सुर्यवंशीसाठीही तसंच करावं लागतं.

हे सगळं पलसाण्यात बसून का सांगतोय? कारण अशी नावं इथे रोज माझ्यासमोर येतात. मुंबई-दिल्ली महामार्ग आणि हजिऱ्याहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग पलसाण्यात एकमेकांना छेदतात. शेजारचं चलथाण स्टेशन ताप्ती व्हॅली रेल्वेवर आहे, तीच लाइन बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार करत अमळनेर, जळगावला जाते. माझे वडील याच लाइनने आले आणि उधन्यात लूमवर उभे राहिले. आजही ऊसतोडीला कोयता घेऊन माणसं खानदेशातून उतरतात. तालुक्यातल्या डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांत मराठी, ओडिया, भोजपुरी, गुजराती बोलणारे एका जेट मशीनवर पाळ्या करतात. ज्याचं आधार धुळे-जळगावात निघालं त्याच्या कार्डावर मराठी, ज्याचं इथे निघालं त्याच्या कार्डावर गुजराती. आणि गुजरातीत लिहिताना नावाला ‘भाई’ लागतो. गावचा रमेश इथे रमेशभाई होतो, मग पीएफमध्ये एक नाव आणि बँकेत दुसरं. त्याला मी रमेश(भाई)? असं शोधतो. भाई असेल-नसेल, माणूस एकच. हे प्रश्नचिन्ह मला सगळ्या चिन्हांत जास्त आवडतं, कारण त्याच्यामुळे दोन कागदांवर फुटलेला माणूस पुन्हा एक होतो.

तेच चिन्ह, तोच कंस, आणि एकाकडून माणूस जोडला जातो, दुसऱ्याकडून तुटतो. फरक एवढाच की जोडणाऱ्याने आधी नावं बघितली होती.

अर्ज बनवणाऱ्यांशी बोललं की ते सुरक्षेचं कारण देतात. नावाच्या चौकटीत कोणीही काहीही टाकेल, आत शिरून गोंधळ घालेल, म्हणून दार लहान ठेवायचं. ही भीती खोटी नाही. पण तिचा बंदोबस्त नाव आत साठवताना करायचा असतो. आलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवायचा नाही, मजकूर म्हणूनच ठेवायचा, याची पक्की रीत डेटाबेसवाल्यांना ठाऊक आहे. वसई-गोव्याकडचे डिसोझा, डिमेलो इंग्रजीत नाव लिहिताना ‘डी’नंतर वर एक छोटी खूण देतात. त्यांनी ती सुरक्षेसाठी सोडायची? आमच्याकडे आदिवासी पट्ट्यातल्या काही बायका एकच नाव सांगतात. आडनावाची चौकट सक्तीची असली की भरणारा तिथे काहीतरी ठोकून देतो, आणि पुढे आयुष्यभर ते ‘काहीतरी’ त्या बाईला निस्तरावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे : नावाच्या चौकटीवर ती रिकामी नको आणि भलतीच लांब नको, एवढाच नियम पुरतो. पॅन, आयएफएससी, पिनकोड यांना साचा असतो, कारण ते कोणीतरी साच्यातून काढलेले असतात. आयएफएससीचं पाचवं चिन्ह शून्यच असतं, तिथे काटेकोर पॅटर्न लावा, चुका पकडा. माणसाचं नाव आजीने ठेवलेलं असतं.

सुरक्षेसाठी लावलेला पॅटर्नही फसू शकतो. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या सुरक्षा नियमांत एक पॅटर्न घातला. त्यात टिंब-चांदणी, टिंब-चांदणी अशा एकापाठोपाठ आल्या, यंत्र जुळवाजुळव करत फिरत राहिलं आणि या कंपनीवर विसंबलेली जगभरची संकेतस्थळं सुमारे २७ मिनिटं कोलमडली. कंपनीने त्या पॅटर्नचं एकेक चिन्ह उलगडून आपल्या हातून काय चुकलं त्याचा अहवाल जाहीर केला. चांगलंच केलं. सुरेखामावशींच्या अर्जाचा अहवाल कोण लिहिणार? तिथे यंत्र थांबलंच नव्हतं. लाल ओळ दाखवण्याचं काम ते चोख करत होतं. वरून बघणाऱ्याला सगळं सुरळीत दिसत होतं, फक्त मराठीत अर्ज भरणारे कमी होते. उद्या कोणी म्हणेल, मराठीतून कोणी भरतच नाही, कशाला ठेवायची ती भाषा?

म्हणून माझी मागणी आहे. जो अर्ज, मग तो सरकारी असो वा खासगी, भाषांच्या यादीत मराठी दाखवतो, तो बनवणाऱ्यांनी मराठी नावं टाकून तपासल्याशिवाय लोकांपुढे आणू नये. आणि आपल्या अभियांत्रिकी कॉलेजांत, आयटीआयत जिथे पॅटर्न शिकवतात, तिथे उदाहरणांत मराठी शब्द यावेत. धुळ्या-जळगावचा मुलगा पुस्तकातली इंग्रजी उदाहरणं सोडवून येतो, त्याला टोपी आणि डॉलर पाठ असतात, पण ‘मराठी’चे दोन तुकडे होतात हे त्याला माझ्या टेबलावर पहिल्यांदा कळतं. तो हुशार असतो. त्याला दाखवलेलं नसतं, एवढंच.

मी तपासणीसाठी नावांची एक यादी करून ठेवली आहे, ४० नावांची. त्यात ज्ञानेश्वर आहे, कारण त्यात जोडाक्षर आहे. सिंधू आहे अनुस्वारासाठी, बाळू ळसाठी, ॲलन आहे त्या चंद्रकोरीच्या ‘ॲ’साठी, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि जुन्या पॅटर्नांत अजून बसत नाही. वि. का. असं टिंब आणि मोकळी जागा असलेलं एक आहे. बऱ्हाटे तीनदा आहे, तीन प्रकारे टाइप केलेलं. कोणालाही हवी असेल तर ती यादी मी देईन, आमच्या नव्या मुलांना तर पाठच आहे.

सुरेखामावशींचा अर्ज त्या दिवशी आम्ही इंग्रजीत भरला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनी पावतीवर अंगठा ठेवून विचारलं, यात कुठे आहे माझं नाव? मी बोटाने दाखवलं. त्या अर्जाच्या संपर्काच्या पत्त्यावर मी दोनदा लिहिलं, काय चुकलंय आणि कोणतं चिन्ह घालायचं तेही लिहिलं. काल रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी ते पान पुन्हा उघडलं. भाषांच्या यादीत मराठी आहे. सुरेखा टाइप केलं, लाल ओळ आली. तीन खुणा पुसल्या, हिरवी खूण आली.